दाराची पाळी

मागच्या महिन्यात एका लग्नाच्या जेवणात आमच्या जुन्या मिलच्या पगारखात्यातले एक गृहस्थ भेटले. हातात थाळी, थाळीत दहीबडा आणि शेजारी त्यांचा जावई. जावयाला माझी ओळख करून देताना ते म्हणाले, "हे आमचे कॉम्प्युटरवाले साहेब. स्वतः एसीत बसायचे आणि जोडीदाराला दारावर स्टूल टाकून बसवायचे. मिलमध्ये तेच, सांवेर रोडला तेच. मग काय, सेठनं त्या बिचाऱ्याला दारातूनच रवाना केलं."

जावई अदबीने हसला. मी विचारले, "सांवेर रोडच्या त्या कारखान्यात आपण कधी पाऊल तरी टाकलंत का?"

"अहो, त्यात काय पाऊल टाकायचं? सगळे सांगतात."

"सगळे म्हणजे कोण? त्या दारावर आम्ही दोघे होतो. तिसरा कोणी नव्हता."

"बरं बाबा, तुमचंच खरं," असे म्हणून ते जावयाला घेऊन गोडाच्या टेबलाकडे निघून गेले. तुमचंच खरं, असे म्हणून निघून जाणाऱ्या माणसांचा मला विशेष राग येतो. ज्याचे खरे असते त्याच्यापाशी थांबले पाहिजे.

हे लिहिणे त्या गृहस्थांना उत्तर म्हणून नव्हे. हीच गोष्ट मी इतरांच्याही तोंडून ऐकली आहे, दर वेळी थोडी वाढलेली, आणि दर वेळी तिच्यात मी एक ऐषारामी साहेब असतो व तो एक दीनवाणा चपराशी. दोन्ही खोटे. तो माझ्या बरोबरीचा होता. आणि दाराची जागा ही आमच्या धंद्यातली सर्वांत अवघड जागा होती. ज्यांना हे ठाऊक नाही, त्यांनी त्या स्टुलाविषयी बोलू नये.

धंदा काय होता, ते आधी सांगतो. मिलमध्ये कॉम्प्युटर आला तेव्हा तो एकच होता. काचेच्या खोलीत ठेवलेले, कपाटाएवढे यंत्र. त्याला जोडलेले हिरव्या अक्षरांचे पडदे पगारखात्यात, सुताच्या गोदामात, विक्रीखात्यात आणि फाटकावरच्या हजेरीच्या खोलीत. ते यंत्र चालते ठेवणे, त्याच्यासाठी प्रोग्राम लिहिणे, रोजचा मजकूर टेपवर उतरवून ठेवणे आणि पडद्यांपुढे बसणाऱ्यांच्या अडचणी निवारणे, हे आमचे काम. आम्ही दोघे होतो. माझे वडील संस्थानी कचेरीतले, त्याचे रेल्वेतले. दोघांनीही पुण्याला जाऊन तो अभ्यासक्रम केला होता आणि दोघांनाही इंदूरला परत यायचे होते, एवढ्या भांडवलावर आमची मैत्री उभी होती.

त्या कामाचे दोन स्वभाव होते आणि ते एकमेकांचे वैरी होते. पहिले काम डोक्याशी येऊन उभे राही: प्रिंटरमध्ये कागद अडकला, पडदा गोठला, पासवर्ड विसरला. दुसरे काम स्वतःहून कधी बोलावत नसे. उद्या काय बिघडणार आहे हे आज ओळखणे, नवा प्रोग्राम लिहिणे, जुन्यातली चूक शोधणे. त्याला सलग, अभंग वेळ लागे. पहिले काम कितीही केले तरी संपत नाही. दुसरे न केले तर पहिले वाढत जाते. पुढे या विषयावर पुस्तके निघाली आणि व्याख्याने झाली. आम्हाला ते व्याख्यान न ऐकता कळले होते, कारण इंदुरात त्या पहिल्या कामाला नावच होते: दो मिनट.

"भिया, दो मिनट," असे, भय्याचा इंदुरी भिया करून, म्हणत दारातून एक डोके आत येई. ही दोन मिनिटे कोणी घड्याळात पाहून मागत नाही. ती विनवणीची रीत आहे. तिला नकार देणारा माणूस उद्धट ठरतो, आणि होकार देणाऱ्याची सकाळ जाते. डोके निघून गेल्यावर मनातला तुटलेला धागा शोधावा, तो सापडतो न सापडतो तोच दुसरे डोके. मी चिडत असे. तो हसत असे. पण दोघांचेही काम होत नव्हते.

उपाय आम्हाला साचेखात्यात मिळाला. मागाला मिलमध्ये साचा म्हणत. विणकर साचे चालवत असताना त्याच्याशी कोणी बोलत नसे, कारण लक्ष ढळले की धागा तुटतो आणि कापडात दोष राहतो. जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, काही विचारायचे असले, कोणी निरोप घेऊन आले, तर शेजारचा विणकर आपले साचे थांबवून त्याच्याशी बोले. आणि पुढच्या वेळी हा त्याच्यासाठी तसेच करी. कोणी लिहून दिलेला नियम नव्हता तो. आम्ही तो उचलला. एकाने काचेच्या खोलीबाहेर स्टूल टाकून बसायचे आणि येईल त्याचे 'दो मिनट' स्वतःच्या अंगावर घ्यायचे. दुसऱ्याने आत बसायचे आणि त्याला कोणीही, मॅनेजरनेसुद्धा, हाक मारायची नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर बदल. आम्ही त्यांना नावे दिली: दाराची पाळी आणि आतली पाळी.

थट्टा झाली. विक्रीखात्यातला एक जण येता-जाता म्हणे, "काय हो, आज कोण देव आणि कोण पुजारी?" माझा जोडीदार स्टुलावरून उत्तर देई, "दुपारपर्यंत मी पुजारी. दुपारनंतर नवस माझ्या नावानं बोला." पण काम होऊ लागले. आमचे यंत्र बंद पडेनासे झाले. यंत्र बंद पडत नाही हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. लोकांच्या लक्षात एवढेच आले की एक माणूस बाहेर बसून चहा पितो.

आणि हेही लिहितो, कारण पगारखात्यातले गृहस्थ ते सांगत नाहीत: दाराच्या पाळीत तो माझ्याहून सरस होता. मी येणाऱ्याला प्रश्न विचारून हैराण करी. तो आधी ऐकून घेई. रागावून आलेला माणूस त्याच्यापाशी दोन गोष्टी बोलून, काम न होताही, निवळून परत जाई. मी एकदा विचारले, तू त्यांना काय सांगतोस? म्हणाला, "काही नाही रे. त्यांना फक्त कोणीतरी माझं ऐकलं असं वाटायला पाहिजे. तू ऐकतोस, पण परीक्षकासारखा ऐकतोस."

मिल बंद झाली ती एका दिवसात नव्हे. लोक फाटकाला टाळे लागले तो दिवस सांगतात. तो दिवस नुसता टाळ्याचा होता. आधी कापूस येणे थांबले. मग रात्रपाळी गेली, मग दुसरी. एकेका खात्यातला पडदा विझत गेला. गोदामातला आधी, मग विक्रीतला. दाराची पाळी हलकी होत गेली. एका दुपारी तो स्टुलावरून उठून आत आला आणि म्हणाला, "यार, आज कोणीच दो मिनट मागायला आलं नाही." आम्हाला जन्मभर हवा होता तो अभंग वेळ आता पुष्कळ मिळत होता. त्यात करायला काही नव्हते. तरी आम्ही पाळी बदलत राहिलो. फाटकाबाहेर कामगार धरणे धरून बसले होते, आणि आम्ही दोघे एका रिकाम्या दाराची राखण आळीपाळीने करत होतो. यावरही लोक हसतात. हसोत. शिस्त ही गरजेपुरती असते असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी माझा वाद नाही, संबंधही नाही.

टाळे लागल्यावर आम्ही दोघेही घरी बसलो. माझी पत्नी शाळेत शिक्षिका होती, म्हणून माझे घर चालले. त्याचे घर त्याच्या एकट्यावर होते. इंदूरजवळच्या राऊ गावात अर्धे बांधलेले घर, शिकणाऱ्या दोन मुली, अंथरुणाला खिळलेली आई. तो रोज सायकल घेऊन निघे आणि कुठल्या तरी कारखान्याच्या फाटकावरून परत येई. त्या काळात सगळीकडे नवे छोटे कॉम्प्युटर येत होते आणि ते चालवणारी नवी, स्वस्त मुले. आमच्या कपाटाएवढ्या यंत्राची विद्या कोणाला नको होती. सांवेर रोडवर प्लॅस्टिकचे पाइप करणाऱ्या एका कारखान्यात तसले जुने यंत्र अजून होते. तिथून मला बोलावणे आले, तेव्हा मी त्याला बरोबर घेऊन गेलो. याला कोणी माझा उपकार म्हणतात, कोणी मी त्याला वेठीला धरले म्हणतात. दोन्ही नाही. मला एकट्याने ते काम करायचे नव्हते, आणि त्याला कामाची गरज माझ्याहून कितीतरी अधिक होती. त्याची नोकरी टिकणे, एवढीच एक गोष्ट त्या साऱ्या प्रकरणात पणाला लागलेली होती. मला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती.

कारखान्याचा कारभार मालकांचा मुलगा पाहत असे. त्याला सगळे छोटे सेठ म्हणत. बाहेर शिकून आलेला, चपळ, बोलण्यात गोड. देशाची दारे उघडली आहेत, आता बाहेरच्या मालाशी सामना आहे, असे तो भेटेल त्याला सांगे. आम्हा दोघांना पाहून म्हणाला, "अपने को तो एक आदमी चाहिए था. आप दो आ गए."

मी म्हणालो, "सेठजी, एक रखोगे तो आधा मिलेगा. दो रखोगे तो पूरे दो मिलेंगे."

"ये कौन सी स्कूल का गणित है?"

"मिल का," माझा जोडीदार म्हणाला. छोटे सेठ खदखदून हसला. त्या हसण्यावर आम्हाला काम मिळाले, हे मला मान्य आहे. माझ्या गणितावर नव्हे.

काम असे ठरले: कारखान्याचा सारा व्यवहार, म्हणजे माल, मागण्या, रवानगी, जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रांच्या जाळ्यावर न्यायचा, तोही दिवाळीच्या आत आणि कारखाना एक दिवसही न थांबवता. तोवर दोघेही राहू. मी स्पष्ट विचारले, "और दिवाली के बाद?"

"सिस्टम चालू कर दो भिया. दोनों का देखेंगे."

बाहेर आल्यावर माझा जोडीदार हसत होता. मीही. याला भोळेपणा म्हणणाऱ्यांना एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. मिलमध्ये मॅनेजर 'देखेंगे' म्हणाला की ते झालेच, असे धरत. युनियन आणि मालक यांच्यामध्ये बसलेला तो माणूस उघड 'हो' म्हणूच शकत नसे. म्हणून तो 'देखेंगे' म्हणे आणि महिनाभरात काम होई. नकार द्यायचा असला तर तो कायद्याचे कलम सांगे. आम्ही मिलची माणसे, आम्ही तो शब्द मिलच्या अर्थाने घेतला. सांवेर रोडवर त्या शब्दाचा अर्थ त्याच्या अक्षरांइतकाच होता. पाहतील. त्यांनी पाहिलेच.

तिथे दाराची पाळी मिलच्या दसपट जड होती. मिलच्या माणसाला निदान साच्यावरची रीत ठाऊक होती. इथे रवानगीवाले, हिशेबवाले, फोनवर ओरडणारे विक्रेते, सगळे एकदम आत घुसत. ट्रक उभा आहे, चलान निघत नाही. भिया, दो मिनट. नव्या यंत्राचा उंदीर चालत नाही. भिया, बस दो मिनट. आम्ही पहिल्याच आठवड्यात तिथल्या काचेच्या खोलीबाहेर स्टूल टाकले आणि अर्धा-अर्धा दिवस वाटून घेतला. काम पुढे सरकू लागले.

मग नवरात्राच्या सुमारास त्या कामातला सर्वांत किचकट भाग आला. पाइपांची मापे जुन्या यंत्रात कुठे इंचात होती, कुठे मिलिमीटरमध्ये, आणि एकाच पाइपाला तीन-तीन नावे. ती गाठ सोडवणारा प्रोग्राम मी लिहीत होतो. दुपारी पाळी बदलताना सकाळी कुठवर आलो ते त्याला समजावून सांगायचे, दुसऱ्या सकाळी त्याने मला. समजावण्यातच वेळ जाऊ लागला. एका दुपारी मी उठून बाहेर आलो, तर तो स्टुलावरून उठला नाही.

"तू आतच बस," तो म्हणाला.

"पाळी तुझी आहे."

"माझं ऐक ना यार. अर्धी दुपार मला शिकवण्यात घालवतोस. हे असंच चाललं तर दिवाळी इथेच होईल आपली. गाठ तुझ्या हातात आलीये, सोडव. मी दार बघतो."

"किती दिवस?"

"चालू होईपर्यंत. मग मी महिनाभर आत बसेन, आणि तू बाहेर बसून शिव्या खा."

हे त्याचे शब्द आहेत. मी त्याला बसवले नाही. तो बसला. जे म्हणतात की मी त्याला दाराशी बसवले, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

त्या दिवसांत त्याने जे केले ते मी आत बसून ऐकत असे. ओरडत आलेला रवानगीचा माणूस, मग त्याचा आवाज खाली येणे, मग हसणे, मग चहाच्या ग्लासांचा आवाज. कोणालाही त्याने माझ्यापर्यंत पोहोचू दिले नाही. निम्मी कामे तो तिथल्या तिथे करून देई. उरलेल्यांना धीर देई. माझ्या हातून एकही धागा तुटला नाही. आणि आमच्या दारापुढच्या व्हरांड्यातून छोटे सेठ रोज जाई-येई. त्याला काय दिसत असेल? काचेआड एक माणूस, पडद्यावर डोळे, घाम गाळतो आहे. काचेबाहेर एक माणूस, स्टुलावर, चहा, चारजणांशी हसणे. एकदा जाता जाता तो म्हणाला, "वाह बाबूजी, आपकी तो रोज मेहफिल जमती है." माझ्या जोडीदाराने हसून सलाम केला. मला तो विनोद आवडला नव्हता.

दिवाळीच्या थोडे आधी छोटे सेठने कारखान्यात एक व्याख्यान ठेवले. बाहेरगावचा सल्लागार, टाय लावलेला, विषय वेळेचे नियोजन. सगळ्या खात्यांना जेवणघरात बसवले. तो चांगला बोलला, हे मी नाकारत नाही. तातडीचे काम आणि महत्त्वाचे काम यांतला फरक त्याने फळ्यावर चौकोन आखून दाखवला. आमच्यापुढे तो चौकोन आखणे म्हणजे न्हाव्याला वस्तरा दाखवण्यासारखे होते. शेवटी त्याने उपाय सांगितला: "रोज़ एक घंटा अपना दरवाज़ा बंद कीजिए. कोई आए, मत खोलिए."

माझा जोडीदार उभा राहिला. "साहब, और दरवाज़े पे कौन बैठेगा?"

सगळे हसले. सल्लागारही हसला. "कोई नहीं बैठेगा. दरवाज़ा बंद है, बस. लोग सीख जाएँगे."

"लोग नहीं सीखते साहब. लोग सेठजी के पास चले जाते हैं."

पुन्हा हशा. छोटे सेठ मात्र हसला नाही. तो सल्लागाराच्या फळ्याकडे पाहत होता. त्याला त्या दुपारी कळले की दार नुसते बंदही करता येते, त्याला माणूस लागत नाही. माझ्या जोडीदाराची नोकरी त्या प्रश्नाने गेली, असे सांगणारेही आहेत: कशाला उठला, गप्प बसला असता तर! हेही मला मान्य नाही. त्या जेवणघरात तेवढा एकच प्रश्न विचारण्याजोगा होता आणि तो त्याने विचारला.

नवे यंत्र धनत्रयोदशीच्या आधी चालू झाले. कारखाना थांबला नाही. रवानगीचे ट्रक त्याच दिवशी नव्या चलानांवर गेले आणि कोणाला काही कळलेही नाही. आमच्या धंद्यात याहून मोठे यश नसते. पेढे आणावेत असेही कोणाला सुचत नाही, कारण काही घडलेलेच नसते.

दुसऱ्या सकाळी, आम्ही पाळी बदलण्याआधीच, छोटे सेठने मला बोलावले. मला एकट्याला. त्याने माझे अभिनंदन केले, चहा मागवला आणि म्हणाला, "अब तो सब सेट है. अब दो आदमी का काम कहाँ है? एक रहेगा. कौन, ये आप बता दो. आप सीनियर हो."

इथेच त्या गोष्टीचा खरा वाद आहे. लोक म्हणतात, मी त्याचे नाव दिले. मी दिले नाही. मी म्हणालो, "सेठजी, आपने कहा था, दोनों का देखेंगे."

"देख ही तो रहा हूँ."

"तो दोनों रहेंगे, या कोई नहीं."

"गुस्सा मत हो भिया. नाम नहीं लेना, मत लो. मैं तय कर लेता हूँ. सिर्फ़ इतना बता दो, मशीन पे कौन बैठता है और बाहर कौन?"

मी त्याला सारे समजावले. साचेखात्यातली रीत, अर्धा-अर्धा दिवस, दोघेही दोन्ही करतो, एकाशिवाय दुसरा अर्धा. मी नीट, क्रमाने, सभ्य शब्दांत समजावले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "आज बाहर कौन है?"

"आज वो है."

"कल?"

"वो ही था."

"दशहरे पे?"

"वो ही. लेकिन वो इसलिए कि..."

"बस, बस. समझ गया," तो म्हणाला आणि चहा माझ्याकडे सरकवला.

नवरात्रापासूनचे ते 'इसलिए' मला पूर्ण करू दिले गेले नाही. मी ते त्याच्या खोलीत तीनदा सुरू केले. फोन वाजला, मग मुनीम आला, मग कोणी 'सेठजी, दो मिनट' म्हणत दारातून डोकावला, आणि त्याला ती मिळाली.

दिवाळीनंतर माझ्या जोडीदाराने येऊ नये, असे ठरले. मी नोकरी सोडली नाही. याबद्दलही माझ्यावर आरोप आहे, आणि त्याचे उत्तर सोपे आहे: मी सोडल्याने त्याला ती परत मिळणार नव्हती. मी 'दोनों या कोई नहीं' असे म्हणालो होतो, हे खरे. पण ते सेठला म्हणालो होतो, आणि सेठने ते मानले नाही, तर ते वाक्य तिथेच संपले. हे तर्काने तपासून पाहावे. त्यात चूक सापडणार नाही.

त्यानंतर मी आत एकटा होतो. छोटे सेठने दारावर पाटी लावून दिली: सकाळी अमुक वेळ प्रवेश बंद. पहिल्या दिवशी लोकांनी दार वाजवले. मग ते हातांनी बडवू लागले. मग ते, माझ्या जोडीदाराने सांगितले होते तसेच, सेठकडे गेले. महिन्याभरात सेठने स्वतःच पाटी काढायला लावली. मग सगळा दिवस दारात डोकी आणि मी. पुढच्या बिघाडाचा आधी विचार करायला वेळच उरला नाही, म्हणून बिघाड वाढले; बिघाड वाढले म्हणून डोकी वाढली. याला कुठेही शेवट नव्हता. मी सकाळी कारखान्यात शिरताना आज काय करायचे ते ठरवणे सोडून दिले. काही वर्षांनी ते काम बाहेरच्या एका कंपनीकडे गेले. त्या कंपनीचा एक पोरगा मोटारसायकलवर येई आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांच्या तक्रारी ऐकून जाई. मला निवृत्तीच्या आधीच घरी पाठवले. वाईट वाटले नाही. वाईट वाटायलाही थोडा सलग वेळ लागतो.

त्याने राऊला महू रस्त्यावर झेरॉक्स आणि फोनचे दुकान टाकले होते. मी तिथे एकदाच गेलो. लोक काय काय बोलतात ते त्याच्या कानावर घालावे आणि त्याने चारचौघांत एकदा खरे सांगावे, एवढेच मागायला.

"बस ना," त्याने काउंटरच्या बाजूचे स्टूल दाखवले. मी उभा राहिलो. कॉलेजच्या मुली गुणपत्रकांच्या प्रती काढून घेत होत्या. एक गेली की दुसरी. त्या फटींतून आम्ही बोललो.

"आत राहा म्हणून तूच म्हणाला होतास," मी म्हणालो.

"म्हटलं होतं."

"मी तुझं नाव घेतलं नाही."

"ठाऊक आहे. सेठच्या मुनीमानं सांगितलं मला सगळं."

"मग लोकांना सांगत का नाहीस?"

त्याने एक कागद काचेवर उलटा ठेवला, झाकण लावले, हिरवा उजेड सरकू दिला. प्रत मुलीच्या हातात दिली. मग म्हणाला, "सेठनं विचारलं ना, आज बाहर कौन है?"

"हो."

"तू एकदा म्हणायचं होतंस, मैं. एवढंच. त्याला काय कळणार होतं रे? त्याला तर काचेतून आपण दोघे सारखेच दिसायचो, कोण कोणता हे त्यानं कधी लक्षात ठेवलं?"

"पण मी बाहेर नव्हतो. मी आत होतो."

"हां यार," तो म्हणाला, अजिबात न चिडता. दारावर रागावून आलेल्या माणसाशी तो जसा बोले, तसाच. "तू आत होतास."

मला त्यावर पुष्कळ बोलायचे होते. सेठने एका उत्तरावर भागवले नसते. त्याने कालचे विचारले असते, दसऱ्याचे विचारले असते. मी किती ठिकाणी खोटे बोलणार होतो? आणि जर बोललो असतो, आणि तो राहिला असता व मी गेलो असतो, तर त्या एकट्याचीही तीच गत झाली असती जी माझी झाली. हे सारे मी मनात क्रमाने मांडले होते. तेवढ्यात एक माणूस फोन लावायला आला. माझ्या जोडीदाराने त्याच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि नंबर फिरवू लागला. लाइन लागत नव्हती. तो पुन्हा फिरवत होता. मी निघतो म्हणालो. त्याने मान हलवली, ती माझ्यासाठी होती की लाइन लागली म्हणून, हे मला सांगता येत नाही.